काळ्या पाषाणावरची हॉली

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या परिसरात विहीर खणताना मुरमाचा थर संपल्यावर पहारीला जो काळा पाषाण लागतो तो, आणि पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरांहूनही दूर असलेल्या हवाई बेटांचा पाषाण, हे दोन्ही एकाच कुळातले आहेत. दोन्ही बेसॉल्ट, दोन्ही भूगर्भातून वर आलेल्या पातळ, वाहत्या लाव्हारसाचे, आणि साम्य इतके निकटचे की, वळ्या पडून थिजलेल्या गुळगुळीत लाव्हाप्रवाहाला हवाईच्या मूळ रहिवाशांनी दिलेले ‘पाहोएहोए’ हे नाव दख्खनच्या लाव्हाप्रवाहांचे वर्णन करताना आमचे भूशास्त्रज्ञही सर्रास वापरतात. भेद आहे तो वयाचा आणि पर्जन्याचा. दख्खनचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. हवाई द्वीपमालेतील मोठ्या बेटांपैकी सर्वांत वृद्ध असे काउआई पन्नास लाख वर्षांच्या आसपासचे. आणि ज्यावरून साऱ्या मालिकेला नाव मिळाले ते हवाई बेट दहा लाखांच्याही आतले, इतके तरुण की तेथील किलाउएआ ज्वालामुखीचे काम अद्याप थांबलेले नाही.

पर्जन्याचा भेद याहूनही विलक्षण आहे. नांदेडला वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांच्या मुदतीत आटोपतो. काउआईवरील वाइआलेआले शिखरावर तो दहा हजार मिलिमीटरांच्या घरात जातो. समुद्र जवळ आहे म्हणून हे घडते असे मात्र समजू नये, कारण हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कावाइहाए येथे, पुढ्यात अथांग महासागर पसरलेला असताना, अडीचशे मिलिमीटरही पडत नाही. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आपले बाष्प पर्वताच्या वाऱ्याकडील अंगावर रिते करूनच पलीकडे उतरतात. मराठवाड्याला हा न्याय समजावून सांगण्याची गरज नाही. सह्याद्रीच्या ज्या पर्जन्यछायेत आमच्या पिढ्यानपिढ्या गेल्या, तीच छाया तेथे एका बेटाच्या रुंदीत सामावलेली आहे.

त्या बेटांच्या ओल्या उतारांवर, समुद्रसपाटीपासून साधारणतः सहाशे ते चौदाशे मीटर उंचीवर, जे मेघवन आहे त्यात हॉलीच्या जातीचा एक वृक्ष वाढतो. तेथील लोक त्याला कावाउ म्हणतात; वनस्पतिशास्त्रात तो आयलेक्स अनोमाला या नावाने ओळखला जातो. कॅप्टन बीची यांच्या ‘ब्लॉसम’ जहाजाच्या सफरीत जमा झालेल्या वनस्पतींवरून हूकर आणि आर्नट या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८३२ मध्ये त्याची नोंद शास्त्राच्या दप्तरी केली. हवाईखेरीज ताहिती आणि मार्केसास या दक्षिण पॅसिफिकमधील डोंगराळ बेटांवरही तो आढळतो. उंची सहा ते बारा मीटर. पाने जाड, चिवट, वरून गडद हिरवी व तकतकीत, आणि त्यांच्या पृष्ठभागावर शिरांचे जाळे इतके खोल रुतलेले की अंगठा फिरवला असता बोटाला ते स्पष्ट लागावे. फुले पांढरी व लहान. फळे काळी, चकचकीत, हरभऱ्याएवढी. लाकूड पांढुरके, बारीक पोताचे व बऱ्यापैकी कठीण असते; सालीपासून वस्त्र कुटून काढण्यासाठी लागणारा ओंडका आणि होड्यांच्या काठाची पट्टी यांसाठी हवाईचे कारागीर ते वापरीत, आणि पुढे बेटांवर घोडे आल्यावर खोगिराचा सांगाडाही त्यापासून होऊ लागला.

हॉली म्हटले की नाताळच्या शुभेच्छापत्रावरील काटेरी कडांचे पान आणि तांबड्या फळांचा झुबका आपल्या डोळ्यांपुढे येतो. ते चित्र युरोपातील एका जातीचे आहे, आणि ह्या प्रजातीत जाती आहेत सहाशेच्या वर. दक्षिण अमेरिकेतील ज्या पानांचा काढा ‘माते’ या नावाने अर्जेंटिना, पॅराग्वे व दक्षिण ब्राझीलमध्ये दिवसभर प्याला जातो, तीही हॉलीचीच पाने. चहाप्रमाणेच त्यांत कॅफीन असते. आपल्याकडे हिमालयात हॉली आहे, निलगिरीच्या शोला वनांत आहे, आणि श्रीलंकेच्या हॉर्टन प्लेन्ससारख्या उंच पठारांवरील खुज्या, शेवाळलेल्या वनांतही आहे. मराठवाड्यातील साग, धावडा, सालई आणि पळस यांच्या पानगळीच्या रानात मात्र ती नाही, कारण उष्ण प्रदेशात हॉलीचा जीव प्रायः उंचीवरच्या सदैव ओल्या हवेत रमतो. वयाने हे घराणे फार प्राचीन. त्याचे परागकण सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलियातील खडकांत सापडले आहेत, म्हणजे किनवट-माहूरच्या डोंगरांचा पाषाण लाव्हारूपाने वाहू लागण्यापूर्वीच अडीच कोटी वर्षे हॉलीचे परागकण पृथ्वीवर उडत होते.

कावाउच्या पानांना काटे नाहीत. युरोपातील हॉलीच्या खालच्या फांद्यांची पाने काटेरी असतात, आणि हरणा-गुरांचे तोंड जेथे पोहोचत नाही अशा वरच्या फांद्यांवर पुष्कळदा सपाट कडांची. हवाईमध्ये तर मनुष्य येण्यापूर्वी वटवाघूळ सोडल्यास जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता, म्हणून काट्याचा खर्च तेथे व्यर्थच ठरला असता. हा युक्तिवाद मोहक आहे आणि तेथील बिनकाट्याच्या रासबेरीला तो लागूही पडतो. पण उष्ण कटिबंधातील बहुतेक हॉल्या मुळातच निष्कंटक असल्यामुळे कावाउच्या गुळगुळीत पानाचे श्रेय एकट्या बेटाला देणे मला योग्य वाटत नाही.

ह्या वृक्षाविषयी खरोखर नवल वाटावे अशी गोष्ट त्याच्या फळात दडलेली आहे. हॉलीमध्ये पपईप्रमाणे नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराच्या फुलात स्त्रीकेसराचा खुंटलेला अवशेष असतो, मादीच्या फुलात वांझ पुंकेसर असतात, आणि दोन्ही झाडे जवळपास असल्याखेरीज फळ धरत नाही. ज्यांच्या बांधावर पपईची चार झाडे आहेत त्यांना हे ठाऊक आहे. आता अशा वृक्षाने हजारो किलोमीटरांचा समुद्र ओलांडून एका ओसाड, नुकत्याच थंडावलेल्या बेटावर वसाहत करायची तर कशी? हर्बर्ट बेकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये असा नियम मांडला की, दूरच्या बेटावर पाय रोवतात त्या वनस्पती प्रायः स्वतःच्याच परागाने फळणाऱ्या असतात, कारण एकटे पडलेले एक बीजही तेथे वंश चालवू शकते. हवाईने या नियमापुढे मोठाच प्रश्न उभा केला. जगभरच्या सपुष्प वनस्पतींत नर-मादी वेगळ्या असणाऱ्या जातींचे प्रमाण पाच-सहा टक्के, तर हवाईच्या मूळ वनस्पतींत ते पंधरा टक्क्यांच्या जवळ भरते. त्यांतल्या काही जातींत लिंगभेद बेटावर आल्यानंतर निर्माण झाला हे खरे. परंतु हॉली ही घराण्यानेच विभक्तलिंगी, ती येतानाच हा भेद बरोबर घेऊन आलेली.

याचा उलगडा होण्यासाठी कावाउचे एक पिकलेले फळ हातात घेऊन फोडावे. माथ्यावर परागग्राहीची सुकलेली चकती, तळाशी पुष्पकोशाचा अवशेष, मध्ये पातळ गर, आणि त्या गरात मोसंबीच्या फोडींप्रमाणे अक्षाभोवती गोलाकार रचलेल्या कठीण आठळ्या, प्रत्येकीत एक बी. युरोपीय हॉलीच्या फळात अशा आठळ्या बहुधा चार असतात. कावाउच्या फळात त्या बारा ते अठरापर्यंत सापडतात. म्हणजे पक्ष्याने एक फळ गिळले तर त्याने एका बीजाची नव्हे, एका समूहाचीच वाहतूक पत्करली. नर आणि मादी बीजे सारख्याच प्रमाणात असतात असे धरले आणि एका फळातील आठळ्यांपैकी अवघ्या चारच रुजल्या, तरी त्या चारही एकाच लिंगाच्या निघण्याची शक्यता आठांत एक. उरलेल्या सात वेळा पक्ष्याच्या विष्ठेच्या एका ठिपक्यातून वधू आणि वर दोन्ही उभे राहतात. फळातील आठळ्या चौदा धरून त्या सर्व रुजल्या तर एकाच लिंगाचा योग आठ हजारांत एखादाच. वनस्पतिशास्त्रज्ञ शेरविन कार्लक्विस्ट यांनी हवाईच्या मूळ सपुष्प वनस्पतींच्या आगमनाचा जो हिशेब मांडला, त्यात पक्ष्यांच्या पोटातून आलेल्यांचा वाटा दोन पंचमांशांच्या जवळ आहे. हवाईची हजारभर मूळ सपुष्प वनस्पतींची सारी संपत्ती ज्या पावणेतीनशेच्या आसपास आगंतुकांपासून निर्माण झाली, त्यांत हॉलीही एक.

हॉलीचे बी फार सावकाश उगवते. फळ पिकते त्या वेळी आतला गर्भ अपुऱ्या वाढीचाच असतो. आठळीच्या आत त्याची उरलेली वाढ पुरी होण्यास महिने लागतात, काही जातींत वर्षही उलटते. तोवर ते बी ओलसर राहिले पाहिजे, आणि दाट मेघवनात जमिनीवर पडलेले बी पाचोळ्याखाली दडपले जाऊन कुजण्याचा संभव अधिक. म्हणून कावाउची पुष्कळ रोपे जमिनीवर न उगवता हापुउ या वृक्षनेच्याच्या खोडावर उगवतात. हे नेचे पुरुषभर आणि त्याहूनही उंच वाढते, त्याचे खोड म्हणजे तंतुमय मुळांचा एक जाड, कायम ओला असणारा गुंडाळा. पक्षी त्यावर बसतो, बी तेथेच टाकतो, शेवाळात ते तग धरते, आणि मुळे हळूहळू खोडावरून खाली उतरत भूमीला टेकतात. पुढे नेचे मरून कुजून जाते, आणि ज्या आधाराभोवती मुळे उतरली तो नाहीसा झाल्यामुळे झाड मुळांच्या खांबांवर, जमिनीपासून हातभर उंच, उभे दिसते. आपल्याकडे पिंपळ आणि वड पक्ष्यांच्या कृपेने भिंतींवर व ताडाच्या बेचक्यांत असेच जन्म घेतात.

या वनात पाऊस पडत नसतानाही पाणी पडत असते. डोंगराला टेकलेल्या ढगातील सूक्ष्म थेंब पानांवर, डहाळ्यांवर आणि विशेषेकरून शेवाळावर अडकतात, एकवटतात आणि गळू लागतात. लानाई नावाच्या कोरड्या बेटावरील एका पशुपालन मळ्याचे व्यवस्थापक जॉर्ज मन्रो यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऐकले की, पाऊस नसताना एका नॉरफोक पाइन वृक्षावरून पाणी घराच्या पत्र्यावर टपटपत आहे. तेवढ्या निरीक्षणावरून त्यांनी त्या बेटाच्या माथ्यावर पाइन वृक्षांची लागवड करविली, आणि तो बंदोबस्त आजही उभा आहे. मूळच्या वनात हे काम ओहिआ, ओलापा व कावाउ हे वृक्ष आणि त्यांच्या अंगावरील शेवाळ मिळून करतात. तेथे पडलेले पाणी तरुण, सच्छिद्र लाव्हातून आत मुरते आणि ओआहू बेटावर ते शिखरापासून विहिरीपर्यंत पोहोचण्यास साधारणतः पंचवीस वर्षे लागतात असे तेथील पाणीखाते सांगते. आमचा पाषाण एवढा उदार नाही. साडेसहा कोटी वर्षांत त्याची पोकळी-छिद्रे दुय्यम खनिजांनी बुजून गेली आहेत. पाणी मिळते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्या खडकात किंवा नशिबाने लागलेल्या एखाद्या भेगेत, आणि खाली घट्ट पाषाण लागला की कूपनलिकेचा खर्च वाया जातो. ज्या मुलखाचा खडक पाणी साठवण्यास नाखूश, त्या मुलखाने माथ्यावरची झाडी अधिक जपावयास हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयात जी गोदावरी अडवली आहे तिचा उगम नाशिक जिल्ह्यातील ब्रह्मगिरीवर. धरणाच्या दरवाजांची व जलसाठ्याच्या टक्केवारीची चर्चा आपण रोज वाचतो, पण ज्या डोंगरमाथ्यांवर नदीचा पहिला थेंब अडतो त्यांच्या वनाची खबर त्या आकड्यांशेजारी कधी छापलेली दिसत नाही.

हवाईने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांनी १७९३ मध्ये राजा कामेहामेहा याला गुरे नजर केली. राजाने ती मारण्यास दहा वर्षे मनाई करणारा हुकूम काढला, हेतू हा की कळप वाढावेत. कळप वाढले, मोकाट झाले, डोंगरांत शिरले, आणि काट्यांवाचून वाढलेल्या त्या वनात त्यांना अडविणारे काहीच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनाची कड वर वर सरकू लागली, ओढे आटू लागले, आणि उसाच्या मळेवाल्यांच्या पाटांत पाणी कमी येऊ लागले. तेव्हा मळेवाल्यांनीच सरकारकडे धाव घेतली. १९०३ मध्ये वनरक्षणाचा कायदा झाला, पुढल्या वर्षी राल्फ हॉस्मर हे पहिले वनाधिकारी नेमले गेले, आणि डोंगरमाथ्यांवरील वनाला कुंपण घालून गुरे हुसकण्याचे काम पद्धतशीर सुरू झाले. लाकडासाठी नव्हे, तर मुख्यतः पाण्यासाठी राखलेले ते वन होते, आणि कावाउ आज जेथे विपुल आहे त्यातला मोठा भाग त्याच राखीव क्षेत्रांत येतो. इकडे आपल्या लातूर जिल्ह्यात उसाचे अर्थकारण आणि पाण्याचे दुर्भिक्ष या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली तो दिवस कोणी विसरलेला नाही. योगायोग असा की त्याच वर्षाच्या डिसेंबरात माउई बेटावरील पुउनेने येथे हवाईचा अखेरचा साखर कारखाना बंद झाला. ऊस गेला, पाण्याच्या काळजीने मळेवाल्यांनी जे वन राखले ते मात्र राहिले.

राहिले, पण त्याचे सेवक घटले. कावाउसारख्या फळझाडांची बीजे पसरविणारे ओमाओ, कामाओ व ओलोमाओ हे तेथील मूळ कस्तूरवर्गीय पक्षी. त्यांपैकी काउआईचा कामाओ नामशेष झाल्याचे अमेरिकी सरकारने २०२३ मध्ये अधिकृतपणे जाहीर केले. १८२६ च्या सुमारास जहाजावरील पाण्याच्या पिंपांतून बेटांवर डास आले, त्यांच्याबरोबर पुढे पक्ष्यांचा हिवताप पसरला, आणि मूळ पक्षी डास पोहोचत नाहीत अशा थंड उंचीवर ढकलले गेले. त्यांच्या रिकाम्या जागा कोणी घेतल्या हे वाचताना आपल्याकडील माणसाला विशेष हळहळ वाटते. १८६५ मध्ये डॉक्टर विल्यम हिलेब्रांट यांनी पिकांवरील अळीच्या बंदोबस्तासाठी भारतातून साळुंकी नेली. त्यांनीच बागेसाठी आणलेली घाणेरी साळुंक्यांनी व इतर पाखरांनी बेटभर पेरली. मुंगूसही आपलाच: १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकात गेलेल्या मुंगसांची संतती १८८३ मध्ये उसातील उंदीर मारण्यासाठी हवाईत सोडली गेली, आणि तिने उंदरांपेक्षा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी अधिक खाल्ली. हिमालयातील कलिज कोंबडा १९६२ मध्ये शिकारीसाठी सोडण्यात आला. तो आज किलाउएआजवळच्या वनात पडलेली फळे वेचीत हिंडतो. ओमाओ हवाई बेटावर अजून टिकून आहे, आणि कावाउचा भरवसा मुख्यतः त्याच्यावर.

आता त्या वनाच्या छताचाच प्रश्न उभा राहिला आहे. जांभळाच्या कुळातला ओहिआ हा मेघवनाचा मुख्य वृक्ष. त्याच्या खोडातील जलवाहिन्या कोंडणारी एक बुरशी २०१४ मध्ये ओळखली गेली आणि हवाई बेटावर तिने ओहिआचे मोठे पट्टे वाळवून टाकले. वृक्ष वाळला की तळाशी उजेड येतो, आणि उजेडाकडे धावणारी पहिली वनस्पती पुष्कळदा स्ट्रॉबेरी पेरू असते, १८२५ मध्ये ब्राझीलकडून आलेली, मोकाट डुकरे आणि पाखरे जिची बीजे वाटतात ती. तिची दाट जाळी माजली की तिच्याखाली दुसरे रोप वाढत नाही, आणि मूळ वनापेक्षा ती अधिक पाणी हवेत परत सोडते असे तेथील जलशास्त्रज्ञांना आढळले आहे. २०१२ पासून ब्राझीलमधून आणलेला एक खवलेकीटक तिच्या पानांवर सोडण्यात येत आहे, जो झाड मारीत नाही पण त्याची वाढ व फळधारणा मंदावतो. जेथे जाळीदार कुंपण घालून डुकरे बाहेर काढली गेली, तेथे वृक्षनेच्यांची खोडे शाबूत राहतात, कारण डुकरे त्यांतील पिठूळ गाभ्यासाठी ती आडवी पाडून फोडतात. आणि खोडे शाबूत राहिली की त्यांवर ओलापा व कावाउ यांची रोपे पुन्हा धरू लागतात. ही कुंपणे दरवर्षी तपासावी लागतात, वादळात पडलेले झाड तार तोडते आणि एका रात्रीत कळप आत शिरतो. म्हणून तेथील वनरक्षक पावसाळी चिखलातून कुंपणाची कड पायी चालत तपासतात, फाटलेली जाळी शिवतात, आणि आत सापडलेल्या प्रत्येक पेरूच्या रोपाचा समूळ निकाल लावून पुढे सरकतात.